असंमत आणि अनधिकृत : मालवण किनाऱ्यावरील सामाईक वास्तूंतील फेरबदलांच्या वादांचा कायदेशीर इतिहास

सारांश

सामाईक मालकीच्या वास्तूत एका हिस्सेदाराने इतरांच्या मान्यतेवाचून केलेला फेरबदल हा दिवाणी वादाचा जुना विषय आहे. अशा फेरबदलास व्यवहारात सरसकट 'अनधिकृत' म्हटले जाते. वास्तविक सहहिस्सेदाराच्या संमतीचा अभाव आणि सार्वजनिक प्राधिकरणाच्या परवानगीचा अभाव या दोन भिन्न बाबी आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात पहिलीस 'असंमत' व दुसरीस 'अनधिकृत' असे संबोधून, मालवण किनाऱ्याच्या संदर्भात या दोन संकल्पना एकमेकींत कशा मिसळत गेल्या याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. मूळ घर, वसाहतकालीन सहमालकीचा कायदा, १९५६ नंतरचे वारसाहक्क, १९६३ नंतरचे सदनिकाविषयक कायदे आणि १९९१ नंतरचे किनारा नियमन या टप्प्यांतून हे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सहहिस्सेदार, मूळ घर, संमती, सदनिका, किनारा नियमन, वाटप.

१. प्रस्तावना

मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांच्या किनारपट्टीवर फिरताना एक दृश्य वारंवार दिसते. जांभ्या दगडाच्या मोठ्या घराचा एक भाग नवा, गिलावा केलेला व स्लॅबचा असतो. त्याच घराचा दुसरा भाग कौलारू, वासे वाकलेला आणि पावसाळ्यात ताडपत्रीने झाकलेला असतो. दोन्ही भागांची मालकी एकाच कुटुंबाची आणि अधिकार अभिलेखात सर्वांची नावे एकत्र असतात. ज्याने आपला भाग नवा केला त्याच्यावर दावा आहे, आणि ज्याचा भाग पडायला आला आहे त्याला दुरुस्तीस संमती मिळत नाही, अशी परिस्थितीही अपरिचित नाही.

अलीकडील काळात मालवण, कुडाळ, कणकवली व सावंतवाडी या शहरांत सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथील वादांचे विषय वेगळे दिसतात. गच्चीवरील पत्र्याची शेड, बंदिस्त केलेली बाल्कनी, वाहनतळाच्या जागेत काढलेला गाळा ही त्यांची नेहमीची रूपे होत. तथापि दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे. अनेकांच्या मालकीच्या वास्तूत एकाने बदल करावयाचा झाल्यास परवानगी कोणाची आणि ती देण्यास सक्षम कोण? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कायद्याने निरनिराळे दिले आहे. ती उत्तरे एकमेकांशी जुळवून मात्र घेतली गेली नाहीत, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) 'असंमत' व 'अनधिकृत' फेरबदल यांतील कायदेशीर भेद स्पष्ट करणे, (आ) हा भेद पुसट होण्याची ऐतिहासिक कारणे शोधणे, (इ) त्याचा मालवण किनाऱ्यावरील कुटुंबांवर व सदनिकाधारकांवर झालेला परिणाम तपासणे. त्यासाठी कायद्यांचे मूळ पाठ, प्रिव्ही कौन्सिल, उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालय यांचे प्रसिद्ध निवाडे आणि प्रदेशाचा प्रशासकीय इतिहास यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कौटुंबिक वादांतील खाजगी पक्षकारांचा उल्लेख हेतुतः टाळला आहे. एक-दोन ठिकाणी विषय स्पष्ट करण्यासाठी काल्पनिक उदाहरण घेतले असून तसे तेथे नमूद केले आहे.

३. मूळ घर आणि त्याची रचना

मालवण १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले. त्याच वर्षी वेंगुर्लेही सावंतवाडीकरांकडून त्यांच्या ताब्यात गेले. पुढे हा किनारा रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाला. सावंतवाडी संस्थान मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत स्वतंत्र राहिले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे आजच्या एकाच जिल्ह्याच्या पोटात ब्रिटिश मुलूख व संस्थानी मुलूख अशा दोन महसुली परंपरा आहेत. जमिनीची सामूहिक धारणाही या जिल्ह्यास नवी नाही. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकूळ व गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा दीर्घकाळ चाललेला प्रश्न हे त्याचे ठळक उदाहरण होय.

घाटावरच्या गावात घरे गावठाणात दाटीने वसलेली असतात. कोकणात वस्ती वाड्यांतून विखुरलेली असते आणि पुष्कळशी घरे गावठाणाबाहेर, कुटुंबाच्या स्वतःच्या लागवडीच्या जमिनीत असतात. त्यामुळे घराचा वाद बहुधा जमिनीच्या सात-बाराचा वाद होतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यात एका नावाने असते, तर खालच्या जमिनीच्या सात-बारावर दहा, वीस वा त्याहून अधिक नावे असतात. घरपट्टी भरणारा स्वतःस घराचा मालक समजतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र कर आकारणीची नोंद हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

या घराची रचनाही वादास कारण होते. पुढे खळे व तुळशीवृंदावन, मग ओटी, माजघर, देवघर, मागे पडवी व न्हाणी, आणि या सर्वांवर एकाच आढ्यावर तोललेले कौलारू छप्पर. भाऊ विभक्त होतात तेव्हा खोल्या वाटल्या जातात, चुली वेगळ्या होतात. छप्पर, मधल्या भिंती, विहीर, देवघर आणि खळे मात्र सामाईक राहतात. हे वाटप बहुधा तोंडी असते. गणपती मूळ घरातच बसतो आणि त्यासाठी सर्व हिस्सेदार एकत्र येतात, म्हणून देवघर असलेली खोली कोणाच्याच वाट्यास पूर्णपणे जात नाही.

अशा घरात एकाने आपल्या वाट्यास स्लॅब घालावयाचे ठरविले की प्रश्न सुरू होतात. आढे मध्येच तोडावे लागते आणि उरलेल्या पाख्याचा आधार जातो. जांभ्याच्या ज्या सामाईक भिंतीवर आजवर केवळ वाशांचा भार होता तिच्यावर काँक्रीटचे वजन येते. नव्या भिंतीला लागून कौलाचे पाणी अडते आणि पन्हळ न घातल्यास ते शेजारच्या माजघरात उतरते. पागोळीचे पाणी जेथे पडते ती पट्टी आपल्या घराची समजण्याची रीत सर्वत्र आहे. नवे बांधकाम त्या पट्टीपर्यंत आले म्हणजे भांडण मोजणीपर्यंत जाते. म्हणूनच या वादांना केवळ भाऊबंदकी म्हणून बाजूस सारता येत नाही. एकाच्या सुधारणेने दुसऱ्याच्या निवाऱ्यास खरोखरच धोका उत्पन्न होऊ शकतो.

४. वसाहतकालीन कायदा : हानीचा निकष

दक्षिण कोकणात हिंदू कुटुंबांपुरता मिताक्षरा हा प्रमुख प्रमाणग्रंथ मानला गेला, तर व्यवहारमयूखाचा अधिकार गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात विशेष मानला गेला. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबात कर्त्यास व्यवस्थापनाचा अधिकार असल्यामुळे घराची दुरुस्ती वा वाढ हा त्याच्या अखत्यारीतील विषय होता. वाद उद्भवत तो कुटुंब विभक्त झाल्यावर, पण घर वाटले न गेल्यावर. तेथे कर्ता संपतो आणि सहमालक उरतात.

सहमालकाच्या अधिकारांविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायालयांनी जी भूमिका घेतली ती आज अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. १८८६ च्या शामनगर ज्यूट फॅक्टरी प्रकरणात सामाईक जमिनीवर एका सहमालकाने बांधकाम केले होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने ते पाडण्याचा हुकूम देण्यास नकार दिला. बांधकामामुळे आपले भरीव नुकसान झाले हे दाखविणे आणि ते थांबविण्यासाठी वेळीच हालचाल करणे ही तक्रारदाराची जबाबदारी आहे, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. १८९० मध्ये वॉटसन विरुद्ध रामचंद दत्त या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सामाईक जमिनीत नीळ पेरणाऱ्या सहमालकाविरुद्ध मनाई हुकूम नाकारला व भरपाईचा मार्ग पुरेसा मानला. १८९१ च्या लछमेश्वर सिंग प्रकरणात सामाईक मालकीच्या ठिकाणी एका सहमालकाने चालविलेली तर हा वादविषय होता. इतरांस वगळल्यावाचून केलेला उपयोग हा अपकृत्य नव्हे, असे तेथे ठरले.

या निवाड्यांचे सार असे सांगता येईल की सहमालकाचा फेरबदल केवळ असंमत आहे एवढ्याने तो बेकायदा ठरत नव्हता. इतर हिस्सेदार त्यामुळे बेदखल झाले काय, वास्तूचे स्वरूप बदलले काय, आणि वाटपात भरून न निघणारी हानी झाली काय, हे प्रश्न निर्णायक होते. पुढील काळात निरनिराळ्या उच्च न्यायालयांच्या निर्णयांत कमी-अधिक कडकपणा आढळतो. तरीही हानी व विलंब हे दोन निकष टिकून राहिले. वाटपाच्या वेळी ज्याने सुधारणा केली त्याच्याच वाट्यास शक्यतो तो भाग द्यावा, हे न्यायबुद्धीचे तत्त्वही त्यासोबत आले.

याच काळात विधिमंडळाने घराचे बाहेरच्यांपासून संरक्षण केले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास घरात सहभोगवट्याचा हक्क मिळत नाही. विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार अशा परक्याने वाटपाचा दावा लावल्यास कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा घेऊ शकतो. ही तरतूद केवळ हिंदू कुटुंबांपुरती नाही. १९९० मध्ये दोराब कावसजी वॉर्डन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका पारशी कुटुंबाच्या घरास कलम ४४ लावले. मालवण किनाऱ्यावरील ख्रिस्ती व मुस्लिम कुटुंबांच्या सामाईक घरांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

तथापि वेळीच हालचाल करण्याच्या अटीचा या प्रदेशावर एक विशेष परिणाम झाला. मालवण किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांतील मिळवते पुरुष मुंबईस गिरण्यांत, गोदीत वा नोकरीत होते. चाकरमानी गावी येई तो शिमग्यास, मे महिन्यात वा गणपतीस. बांधकामाचा हंगाम मात्र पाऊस संपल्यापासून सुरू होतो. शिमग्यास आलेल्या चाकरमान्यास घरामागची नवी पडवी पुरी झालेली दिसे. कायद्याने मागितलेली तत्परता त्यास दाखविता येत नसे. दुसऱ्या बाजूने, जो हिस्सेदार गावीच राहिला त्याने वृद्धांचा सांभाळ केला, दरवर्षी कौले परतली, घरपट्टी भरली. त्याच्या दृष्टीने दुरुस्ती ही गरज होती, अतिक्रमण नव्हे. दोघांचीही बाजू रास्त असल्याने हे वाद पिढ्यान्पिढ्या मिटले नाहीत.

५. १९५६ नंतर : वारसांचा विस्तार

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने सहमालकीचे गणित बदलले. या कायद्याच्या कलम १९ नुसार एकत्र वारसा घेणारे वारस सामान्यतः विभाज्य हिश्श्याचे सहधारक होतात. साहजिकच प्रत्येक मृत्यूनंतर वेगळे हिस्से निर्माण होतात. मुलींना वारसा मिळाला, परंतु कलम २३ नुसार कुटुंबाच्या पूर्ण भोगवट्यातील राहत्या घराचे वाटप पुरुष वारसांनी मागितल्याशिवाय त्यांना मागता येत नव्हते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायादत्व दिले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने कलम २३ वगळले आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा सहदायादत्वाचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले.

न्यायाच्या दृष्टीने हे बदल आवश्यक होते. किंबहुना मूळ घराच्या इतिहासात स्त्रियांच्या संमतीचा प्रश्नच पूर्वी उपस्थित होत नसे, ही त्या जुन्या सलोख्याची दुसरी बाजू होती. मात्र हिस्सेदारांची संख्या वाढत असताना निर्णय घेण्याची कोणतीही यंत्रणा कायद्याने घालून दिली नाही. कर्त्याचा अधिकार क्षीण झाला आणि त्याच्या जागी बहुमत, समिती वा व्यवस्थापक यांपैकी काहीच आले नाही. काल्पनिक उदाहरण घ्यावयाचे तर, १९५० च्या सुमारास तीन भावांच्या नावे असलेल्या घराचे आज मुलगे, मुली, नातवंडे व विधवा सुना मिळून पंचवीस ते तीस हिस्सेदार सहज होतात. त्यांतील कित्येक मुंबई, पुणे वा परदेशात असतात. या सर्वांच्या सह्या एका कागदावर आणणे हेच मोठे काम होऊन बसते.

वाटप करून मोकळे व्हावे तर तेही सोपे नव्हते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राखालील तुकड्यांवर दीर्घकाळ निर्बंध ठेवले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खालील वाटपास सहधारकांची सहमती लागते. हक्काचा वाद असल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. परिणामी तोंडी वाटप चालू राहिले आणि अभिलेख सामाईकच राहिला.

६. असंमताचे अनधिकृतात रूपांतर

आतापर्यंतच्या विवेचनात शासन कोठेही पक्षकार नव्हते. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ ने ग्रामीण बांधकामास पंचायतीच्या परवानगीची अट घातली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने विकास परवानगीची सर्वंकष व्यवस्था आणली व कलमे ५२ ते ५४ द्वारे विनापरवाना विकासास शिक्षा, तो काढून टाकण्याची नोटीस व काम थांबविण्याचे अधिकार दिले.

नियोजन प्राधिकरणाचा विषय रस्ता, उंची, अंतर, आरोग्य व सुरक्षितता हा आहे. मालकीचा निर्णय करणे हा नाही. परंतु अर्जदाराने मालकीचा पुरावा जोडणे आवश्यक असते आणि सात-बारा सामाईक असल्यास अन्य सहहिस्सेदारांचे संमतीपत्र मागण्याची कार्यपद्धती रूढ झाली. वादात न पडण्याची प्रशासनाची सावधगिरी म्हणून ती समजण्याजोगी आहे. तिचा परिणाम मात्र दूरगामी झाला. दिवाणी कायद्यानुसार निरुपद्रवी फेरबदलास जी संमती अपरिहार्य नव्हती, ती परवानगीच्या प्रक्रियेमुळे पूर्वअट बनली. एका हिस्सेदाराने सही नाकारली की परवानगी नाही, आणि परवानगीवाचून केलेले काम अनधिकृत. अशा रीतीने खाजगी असंमती सार्वजनिक अपराधाचे रूप धारण करू लागली.

याचा दुसरा परिणाम वादाच्या पद्धतीवर झाला. वाटपाचा दावा वर्षानुवर्षे चालतो. त्यात हानी, विलंब व न्यायबुद्धी यांचा विचार होतो. उलट विनापरवाना बांधकामाच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाची नोटीस तुलनेने लवकर निघते आणि तेथे 'परवानगी होती काय' हा एकच प्रश्न असतो. त्यामुळे कौटुंबिक वादात दिवाणी दाव्याऐवजी नियोजन कायद्याखालील तक्रार हे अधिक सोयीचे शस्त्र ठरले. ज्या घरात दोन्ही बाजूंची जुनी बांधकामे विनापरवाना आहेत तेथे तक्रारीस प्रतितक्रार होते आणि अखेर दोघांचेही छप्पर धोक्यात येते.

७. सदनिका : संमतीची लेखी अट

सामाईक वास्तूची दुसरी परंपरा मुंबईत घडली. मालकी तत्त्वावरील सदनिकांच्या व्यवहारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने १९६० मध्ये समिती नेमली व तिच्या अहवालानंतर १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजेच 'मोफा', आला. त्याच्या कलम ७ ने प्रवर्तकावर बंधन घातले. नकाशे दाखविल्यानंतर सदनिकेत बदल करावयाचा असल्यास ती घेणाऱ्याची आणि इमारतीच्या रचनेत बदल करावयाचा असल्यास सर्व सदनिका घेणाऱ्यांची पूर्वसंमती आवश्यक ठरली. सदनिकाधारकांनी परस्परांशी कसे वागावे हे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० ने सांगितले. इमारतीच्या मजबुतीस धोका पोहोचेल, तिचे मूल्य घटेल वा तिच्यात भरीव रचना वाढेल असे काम अन्य सर्व मालकांच्या एकमुखी संमतीवाचून करू नये, अशी त्याची मूळ तरतूद होय. सहकारी संस्थांत हेच काम उपविधी व समितीची परवानगी यांद्वारे होते आणि संस्थेच्या कारभाराशी संबंधित वाद १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात.

येथे हानीच्या निकषाकडून संमतीच्या निकषाकडे झालेला प्रवास स्पष्ट दिसतो. मात्र सर्वांची संमती ही अटही फार काळ टिकली नाही. १९८६ मध्ये कलम ७ मध्ये दुरुस्ती होऊन मंजूर रेखांकनातील अतिरिक्त इमारतीसाठी प्रवर्तकास मोकळीक मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स प्रकरणात (२००७) ही मोकळीक पूर्ण प्रकल्प आधी उघड केला असेल तरच मिळते असे सांगितले. पांचाली सोसायटीच्या प्रकरणात (२०१०) खांबांमधील खुला वाहनतळ ही सामाईक जागा असून प्रवर्तकास ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय झाला. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ ने मंजूर नकाशात वा सामाईक भागात बदल करण्यासाठी दोन तृतीयांश घरखरेदीदारांच्या लेखी संमतीची अट घातली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्क्यांचे बहुमत पुरेसे मानले.

संमती असूनही परवानगी नसल्यास काय होते हे मुंबईतील कॅम्पा कोला प्रकरणाने दाखविले. २७ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयात मंजुरीबाहेरचे मजले नियमित करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. रहिवाशांमध्ये तेथे वाद नव्हता. त्यांनी किंमत मोजून घरे घेतली होती. तरीही सर्वांची संमती सार्वजनिक परवानगीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यातून अधोरेखित झाले.

८. किनारा नियमन : तिसरा पक्ष

१९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने मालवण किनाऱ्यावरील घराच्या वादात तिसरा पक्ष आणला. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र झाले. तेथे अधिकृत जुन्या बांधकामांची दुरुस्ती करता येई, पण जुने जोते, जुना चटई क्षेत्र निर्देशांक व जुनी घनता यांच्या मर्यादेतच. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पारंपरिक वस्तीतील घरांना वाव होता. मात्र निवासांची एकूण संख्या विद्यमान संख्येच्या दुपटीहून अधिक नसावी, उंची ९ मीटर व मजले दोनच असावेत, अशा अटी होत्या.

सामाईक घराच्या दृष्टीने या अटींचा अर्थ तपासणे उद्बोधक ठरते. देवबाग, तारकर्ली यांसारख्या खाडी व समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीवरील कुटुंबास वाटप करून दोन स्वतंत्र घरे बांधावयाची झाल्यास जागा कोठे? जोते वाढविता येत नाही, म्हणून भांडणाऱ्या भावांना त्याच जोत्यावर, त्याच आढ्याखाली राहणे भाग पडते. दिवाणी न्यायालयाने वाटपाचा हुकूमनामा दिला तरी बांधकामाची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि सामाईक घराच्या एका खोलीस प्रथमच बाजारमूल्य आले. ओटी बंद करून खोली, पडवीच्या जागी न्हाणीघर, खळ्यात न्याहारीची शेड असे बदल सुरू झाले. उत्पन्न एकाचे आणि जागा सर्वांची, हा नवा वादविषय ठरला. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिक पारंपरिक समाजांना आपल्या विद्यमान घरांत पर्यटकांच्या निवासाची मुभा दिली, परंतु जोते, रचना वा दर्शनी भाग न बदलण्याच्या अटीवर. म्हणजे ज्या फेरबदलांवरून हिस्सेदार भांडतात त्यांपैकी पुष्कळसे सर्वांची संमती असूनही या अटीत बसत नाहीत.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील घरांची छपरे उडविली तेव्हा हा प्रश्न तातडीचा झाला. पाऊस तोंडावर असताना छप्पर घालणे ही दुरुस्ती होय, आणि जतनासाठी आवश्यक असलेल्या दुरुस्तीचा खर्च वाटपाच्या हिशेबात मागता येतो. पण कौलांऐवजी लोखंडी सांगाडा व पत्रे घातले तर ती दुरुस्ती की फेरबदल, याचे उत्तर तीन कायदे तीन प्रकारे देऊ शकतात.

किनारा नियमनाचे कठोर टोक केरळमधील मरडू येथे दिसले. ८ मे २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तेथील सदनिकांची संकुले ११ व १२ जानेवारी २०२० रोजी पाडण्यात आली. ग्रामपंचायतीची परवानगी होती, खरेदीखते होती, सदनिकाधारकांत वाद नव्हता. किनारा नियमनाची मंजुरी मात्र नव्हती.

९. दोन परंपरांचा संगम

मालवण परिसरातील सदनिकांच्या इमारती पुष्कळदा जुन्या सामाईक जमिनीवरच उभ्या राहतात. हिस्सेदार विकसन करार करतात व मोबदल्यात सदनिका घेतात. अशा वेळी एखाद्या विवाहित बहिणीची वा परगावच्या पुतण्याची सही राहून गेली, तर जमिनीचा मूळ दोष इमारतीत उतरतो. मग अभिहस्तांतरण अडते. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली असली तरी सदोष मालकी त्यामुळे निर्दोष होत नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील वा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांस २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान गावांतील अनेक इमारती त्या मर्यादेत राहू शकतात.

गच्चीवरील शेडचा वाद येथे बोलका आहे. कोकणच्या पावसात सपाट गच्ची गळते, म्हणून वरच्या मजल्यावरील रहिवासी पत्र्याची शेड उभारतो. त्याच्या मते ती दुरुस्ती, खालच्यांच्या मते सामाईक गच्चीचा कब्जा, आणि नगरपरिषदेच्या मते विनापरवाना बांधकाम. मूळ घरातील आढे व पागोळी यांचाच हा वाद नव्या इमारतीत आलेला आहे. फरक एवढाच की येथे निदान सभा बोलावता येते.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) सहमालकीच्या जुन्या कायद्यात फेरबदलाची कसोटी हानी ही होती, संमती ही नव्हे. संमतीची पूर्वअट प्रामुख्याने सदनिका कायद्यांनी आणि बांधकाम परवानगीच्या कार्यपद्धतीने आणली.

२) या कार्यपद्धतीमुळे 'असंमत' व 'अनधिकृत' यांतील भेद पुसला गेला आणि नियोजन कायदा कौटुंबिक वादाचे साधन बनला.

३) सदनिकांच्या बाबतीत संमतीचे प्रमाण एकमतापासून दोन तृतीयांश व बहुमतापर्यंत शिथिल होत गेले. मूळ घरास मात्र अशी कोणतीही व्यवस्था मिळाली नाही. जेथे अनोळखी शेजारी राहतात तेथे बहुमताने निर्णय होतो आणि जेथे सख्खी भावंडे राहतात तेथे एका नकाराने घर पडते, ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे.

४) किनारा नियमनामुळे वाटपाचा दिवाणी हक्क व बांधकामाची मुभा यांची फारकत झाली आहे. पर्यावरणीय निर्बंध आवश्यक आहेत. तथापि, त्यांच्या चौकटीत सामाईक घराच्या आवश्यक दुरुस्तीस स्पष्ट व स्वतंत्र स्थान असणे हितावह ठरेल.

यास्तव दुरुस्ती व वाढीव बांधकाम यांत प्रशासनाने भेद करावा. जुन्या जोत्यावरील, उंची व वापर न बदलणाऱ्या दुरुस्तीसाठी सर्वांच्या संमतीपत्राऐवजी सर्व हिस्सेदारांना पूर्वसूचना व हरकतीची मुदत पुरेशी मानावी. अशी दुरुस्ती केल्याने कोणाच्याही हिश्श्यास बाधा येत नाही, हे परवानगीतच नमूद करावे. त्यामुळे दूरच्या हिस्सेदारास वेळीच हरकत घेण्याची संधी मिळेल आणि घर सांभाळणाऱ्यास केवळ मौनापायी छप्पर गमवावे लागणार नाही. हानीचा जो निकष १८८६ मध्ये न्यायालयाने लावला होता तोच येथे लेखी पूर्वसूचनेची जोड देऊन वापरता येईल. मूळ घराचे वाटप होवो वा न होवो, तोवर ते उभे राहणे सर्व हिस्सेदारांच्या हिताचे आहे.